टाकीतलं पाणी आधी शोधा: जुन्या गाड्यांच्या गंजावर वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी कार्बोरेटर साफ करण्यावर लिहिलं होतं, त्यावर आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून पेट्रोलच्या टाकीवरच येत होते. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) साफ केला, आठवड्यात परत चोक झाला, परत साफ केला, परत तेच. जेटमध्ये अडकणारी ती तांबडी पूड टाकीतून येते, त्यामुळे ह्या वेळी सगळे प्रश्न टाकीचेच घेतलेत.

प्रश्न: वडिलांची मोटरसायकल बारा वर्षं शेडमध्ये उभी होती. टाकीत टॉर्च मारला तर आत सगळं तांबडं दिसतं आणि टाकी हलवली की खडखड वाजतं. मेकॅनिक म्हणतो ॲसिड मारू, आतून सीलर ओतू, एका दिवसात काम होईल. करू का दादा?

एका दिवसात नका करू. सीलर, म्हणजे टाकीला आतून चढवायचा लेप, वाईट असतो असं नाही, पण गंज कशामुळे आला ते न बघता वरून थर ओतणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

गंजाला लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन असे तिघं लागतात. लोखंड तर टाकीच आहे, हवा अर्धवट रिकाम्या टाकीत भरपूर असते, राहिलं पाणी, आणि आपल्या हातात आहे ते तेवढंच. पाणी पेट्रोलपेक्षा जड असतं, पेट्रोलची घनता ०.७२ ते ०.७७ च्या आसपास आणि पाण्याची १, म्हणून आत आलेला प्रत्येक थेंब तळाला जाऊन बसतो आणि वर पेट्रोल असल्यामुळे तिथून उडूनही जात नाही. म्हणून भोकं जवळपास कायम तळाच्या जोडाला किंवा सगळ्यात खोल कोपऱ्यात पडतात.

आता हे पाणी येतं कुठून. बरेच जण म्हणतात रात्री हवा थंड होते आणि आत दव धरतं. ते खरं आहे पण हिशोब करून बघा, २५ अंशाला पूर्ण दमट हवेत एका घनमीटरला साधारण २३ ग्रॅम पाणी असतं, म्हणजे १० लिटर रिकाम्या जागेत जेमतेम पाव ग्रॅम, चार-पाच थेंब, आणि तेही सगळं एका रात्रीत गळून पडत नाही. बारा वर्षं रोज थोडंथोडं म्हटलं तर वरचा उघडा पत्रा तांबडा करायला ते पुरेसं आहे, पण तळाला चमचाभर पाणी सापडलं तर ते दवाचं नाही, ते झाकणातून आलंय. झाकणाचं रबर कडक होऊन चिरलेलं असतं, नाहीतर झाकणाभोवतीच्या खोलगट भागातलं पाणी बाहेर काढणारी बारीक नळी तुंबलेली असते, मग गाडी धुताना किंवा पावसात तिथे तळं साचतं आणि हळूहळू आत उतरतं. माझ्या हाताखालून गेलेल्या टाक्यांमध्ये हे इतक्या वेळा दिसलंय की मी आता टाकीच्या आधी झाकण उघडून बघतो.

तर तुम्ही असं करा. टाकी गाडीवरून उतरवा, पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) काढून तळाचं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या आणि तासभर हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. खात्री करायची असेल तर पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा एक थेंब टाका, पेट्रोलमध्ये तो गोळी होऊन खाली जातो आणि पाण्यात पसरतो. मग झाकणाचं रबर, ती नळी, कॉकचं वॉशर, सगळं बघा आणि बदला. ह्यानंतर साफसफाई. आणि सीलर लागेल की नाही हे साफ केलेला पत्रा बघितल्यावरच ठरवा, कारण नुसता वरवरचा गंज असेल, भोक नसेल आणि गाडी नियमित चालवणार असाल तर सीलरची गरजच पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

एक काळजी अजून. तुमच्या गाडीने तिच्या काळात शिसं घातलेलं पेट्रोल प्यायलंय. असं पेट्रोल १९२० च्या दशकापासून विकलं जात होतं आणि जगातून पूर्ण बंद झालं २०२१ मध्ये. तेव्हाचा गाळ टाकीत असू शकतो, म्हणून हातमोजे घाला, आतली कोरडी पूड हवेचा फवारा मारून उडवू नका, ओलीच बाहेर काढा. आणि निघालेलं जुनं पेट्रोल मातीत किंवा गटारात ओतू नका प्लीज, जिथे जुनं ऑइल आणि केमिकल गोळा करतात तिथे द्या.

प्रश्न: गंज काढायला फरशी साफ करायचं ॲसिड चालेल का? व्हिनेगर, सायट्रिक, फॉस्फरिक अशी इतकी नावं ऐकली की गोंधळ झालाय.

फरशीचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते गंज झटपट खातं हे खरं, पण गंज संपला की पत्रा खायला लागतं, आणि नीट धुतलं गेलं नाही तर जोडाच्या फटीत राहिलेलं क्लोराइड नंतर आतल्या आत गंज वाढवत राहतं. पन्नास वर्षांच्या पातळ पत्र्याला मी ते लावणार नाही.

व्हिनेगर चालतं पण त्यात ॲसिड जेमतेम पाच टक्के असतं, त्यामुळे दोन-चार दिवस लागतात. फॉस्फरिक चांगलं, ते गंज काढता काढता पत्र्यावर फॉस्फेटचा करडा थर सोडतं आणि तो थोडं संरक्षण देतो, शिवाय पुढे सीलर लावायचा असेल तर त्याला पकडही मिळते. घरी करणाऱ्याला मी सायट्रिक सांगतो कारण चूक झाली तर नुकसान कमी. एक लिटर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम, पाणी कोमट.

पण आधी टाकी साबणाच्या गरम पाण्याने किंवा धुण्याच्या सोड्याने दोन-तीन वेळा खळखळून धुवा. हे लोक करत नाहीत आणि मग म्हणतात ॲसिडने काही झालं नाही. जुनं पेट्रोल सुकून जो चिकट डिंक बसतो त्याच्या खालच्या गंजापर्यंत ॲसिड पोचतच नाही. कॉक आणि फ्लोटचं (पेट्रोलच्या काट्याला पातळी कळवणारं) युनिट काढून ठेवा, त्यातल्या पितळेला आणि जस्ताला ॲसिड लागू द्यायचं नाही. झाकणाभोवतीच्या रंगावर ग्रीसचा हात फिरवून वर प्लॅस्टिक गुंडाळा, सांडलेलं ॲसिड रंगाला डाग पाडतं आणि ओरिजिनल रंग गेला की परत येत नाही. टाकी तोंडापर्यंत भरा, अर्धी भरली तर पाण्याच्या रेषेवर नवीनच पट्टा गंजतो. तोंड घट्ट बंद करू नका, आत हायड्रोजन तयार होतो. हवेशीर जागी ठेवा, जवळ आग नको. दर काही तासांनी बघत राहा, १२ ते २४ तासांत बहुतेक काम होतं, करडा पत्रा दिसला की थांबा, अजून चमक येईल म्हणून आठवडाभर ठेवू नका.

आता सगळ्यात नाजूक वेळ. ॲसिड ओतून दिलं की स्वच्छ ओला पत्रा काही मिनिटांत परत पिवळट पडायला लागतो, डोळ्यांदेखत. म्हणून पुढची सगळी तयारी आधी मांडून ठेवा: पाण्याने खळखळ, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, परत साधं पाणी, आणि लगेच गरम हवेच्या ब्लोअरने किंवा हेअर ड्रायरने वाळवणं, टाकी उलटीपालटी करत, जोडाच्या फटीतला ओलावा जाईपर्यंत. पाणी काढायला ॲसिटोन किंवा स्पिरिट वापरलं तर ड्रायर अजिबात नको, त्याची वाफ पेट घेते, तेव्हा नुसती थंड हवा खेळू द्या. टाकी वाळली की टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं थोडं पेट्रोल आत फिरवा, कोपरान् कोपरा ओला झाला पाहिजे.

एक अपवाद आहे. बऱ्याच जुन्या कारच्या टाक्यांना आतून शिसं आणि कथील ह्यांच्या मिश्रणाचा मुलामा असतो. तो धड असेल तर ॲसिडच्या वाटेला जाऊ नका, साबणाने धुवा, गाळ काढा आणि सोडा. आणि टाकी ॲल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा टाकू नका, तो ॲल्युमिनियमला खातो.

प्रश्न: टाकीत साखळी किंवा नटबोल्ट टाकून हलवलं तर चालतं का?

जाड खपले सोडवायला चालतं, पण पत्रा किती उरलाय ते आधी बघा. बाहेरून तळाला अंगठ्याने दाबा, पत्रा दबत असेल तर साखळी तिथूनच बाहेर येईल. नट टाकलेत तर मोजून टाका आणि मोजून काढा, आणि लोखंडाचेच घ्या म्हणजे राहिलेला चुंबकाने निघतो. खडी टाकू नका, त्यातला एखादा खडा आतल्या पडद्यामागे अडकतो आणि चुंबक त्याला काही करू शकत नाही.

प्रश्न: बॅटरी चार्जरने गंज काढतात तो प्रकार टाकीला करता येतो का? शॉक बसेल का?

येतो, आणि माझ्या मते खराब टाकीसाठी हीच सगळ्यात सभ्य पद्धत, कारण ती चांगल्या लोखंडाला जवळपास हात लावत नाही. टाकी पाण्याने भरायची, लिटरला साधारण चमचाभर धुण्याचा सोडा, चार्जरची निगेटिव्ह टाकीला आणि पॉझिटिव्ह आत लोंबकळणाऱ्या लोखंडी सळईला. सळई टाकीला कुठेही टेकता कामा नये, तोंडाशी रबरी बुचात बसवा आणि खालच्या टोकाला सछिद्र प्लॅस्टिकचा तुकडा घाला. १२ व्होल्टला शॉकची भीती नाही, पण ह्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही निघतात आणि ते मिश्रण एका ठिणगीवर उडतं, म्हणून काम उघड्यावर करा आणि क्लिप काढायच्या आधी दर वेळी चार्जरचा स्विच बंद करा. सळईवर गाळ बसतो, तो पुसून परत घाला. करंट समोरासमोर चांगला जातो, त्यामुळे कोपरे राहतात, सळई वाकवून जागा बदलत राहा, एक-दोन दिवस धरा.

दोन गोष्टी करायच्याच नाहीत. स्टेनलेस स्टीलची सळई वापरायची नाही, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. आणि सोड्याऐवजी मीठ टाकायचं नाही, त्यातून क्लोरीन निघतो.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपने टाकीला आतून सीलर लावून दिला. आता गाडी चालता चालता बंद पडते, पाच मिनिटं थांबलं की परत सुरू होते. कार्बोरेटर दोनदा उघडला.

तुमचं वाचून माझ्याच स्कूटरची आठवण आली. अगदी हीच लक्षणं. मी इग्निशन कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, कित्येक रविवार घालवले, आणि शेवटी कॉक काढून टाकीत वाकून बघितलं तर सीलरचा पापुद्रा सुटून पडद्यासारखा लोंबत होता. पेट्रोल वाहायला लागलं की तो ओढला जाऊन कॉकच्या जाळीवर बसायचा, गाडी बंद पडली की सुटायचा. ज्यांनी तो लावला होता त्यांनी गंज आणि तेलकटपणा न काढताच ओतला होता. मला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, कारण उघडून दिलेली टाकी तोवर साधी साफ करण्याजोगी होती.

तुमची खात्री सोप्या पद्धतीने होते. गाडी बंद पडल्यावर लगेच कार्बोरेटरकडची नळी काढा आणि पेट्रोल बरणीत सोडा. धार बारीक असेल तर झाकण सैल करा. झाकण सैल केल्यावर धार वाढली तर झाकणाचं हवेचं भोक तुंबलंय, टाकीत व्हॅक्यूम होतोय, सीलरचा दोष नाही. तरीही बारीकच राहिली तर कॉक काढून आत बघा.

पापुद्रे असतील तर वरून दुसरा थर देऊ नका, जुना पूर्ण काढावाच लागतो. काही जुने सीलर इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये आपोआप मऊ पडतात आणि ॲसिटोनसारख्या सॉल्व्हंटने सुटतात. इपॉक्सी मात्र चिवट, त्याला लागणारी केमिकल फार उग्र असतात, ते घरी करू नका. काही वेळा टाकी कापून, साफ करून परत जोडणं हाच मार्ग उरतो.

नवीन लावायचा झाला तर इथेनॉल सहन करेल असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला घ्या. पत्रा कोरडा ठणठणीत आणि तेलाचा मागमूस नसलेला पाहिजे. कॉकच्या भोकात जुना बोल्ट आट्यांना ग्रीस लावून बसवा, सीलर ओता, टाकी सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवत राहा आणि मग उरलेला सगळा, अगदी सगळा, ओतून काढा. खाली साचलेलं डबकं बाहेरून सुकतं आणि आत ओलं राहतं, पापुद्रे तिथूनच सुटतात. हवेची बारीक नळी असेल तर सीलर ओला असतानाच तिच्यातून हवा मारा. आणि डब्यावर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस पेट्रोल भरू नका, घाई करू नका.

प्रश्न: टाकीला सुईएवढं भोक आहे. पेट्रोल काढून टाकलंय, आता वेल्डिंगला देऊ ना?

थांबा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, वाफ जळते, आणि हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ झाली की तिचा स्फोट होतो. रिकाम्या टाकीत नेमकं हेच प्रमाण सहज तयार होतं. उणे ४० अंशालासुद्धा पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ होते, म्हणजे आठवडाभर उन्हात ठेवली, वास येत नाही, ह्याला काही अर्थ नाही. जोडाच्या फटीत आणि गंजाच्या खपल्यांखाली पेट्रोल मुरलेलं असतं, वेल्डिंगच्या ज्योतीची उष्णता लागली की ते बाहेर येतं. ह्यात माणसं गेली आहेत.

टाकीचंच काम करणाऱ्या माणसाकडे द्या, तो आधी वाफेने किंवा गरम पाण्याने धुतो आणि मग आत पाणी किंवा नायट्रोजनसारखा न जळणारा गॅस भरून काम करतो. बारीक भोकाला वेल्डिंगपेक्षा डाग देणं, म्हणजे सोल्डर करणं, चांगलं कारण उष्णता कमी लागते, पण धुण्याची खबरदारी तीच, तिथे सूट नाही. आणि एक भोक दिसतंय म्हणजे शेजारी अजून चार उंबरठ्यावर आहेत असं समजा. टोच्याने आजूबाजूला हलकेच टोचून बघा, पत्रा भुसभुशीत लागला तर तेवढा तुकडाच बदलायला सांगा. साबण किंवा एमसील लावून दिवस काढू नका, इंजिन गरम असताना त्यावर पेट्रोल टपकणं म्हणजे काय ते सांगायला नको.

प्रश्न: गाडी वर्षातून सात-आठ महिने उभी असते. टाकी भरून ठेवू की रिकामी? दोन्ही सल्ले मिळतात.

दोन्ही बरोबर आहेत, चुकीची आहे ती अर्धी टाकी.

आधी तुमच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का बघा. उभट मोजपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, हलवा, थांबू द्या. खालचा थर १० च्या वर गेला तर इथेनॉल आहे, ते पेट्रोल सोडून पाण्याकडे गेलं. टाकीतही हेच होतं. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेतं, १० लिटरला ५० मिलीच्या आसपास, थंडीत त्याहून कमी. तोपर्यंत उलट फायदाच, थोडं पाणी इंजिनमधून जळून निघून जातं. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात, आणि हा थर नुसत्या पाण्यापेक्षा वाईट, तो कथील-शिशाचा मुलामा, कार्बोरेटरचं जस्त, जुनी रबरं सगळ्यांना त्रास देतो. वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही (इंजिनमध्ये ठोका न मारता जळण्याची क्षमता) उतरतो. त्यात कितीही ॲडिटिव्ह टाका, एकदा वेगळं झालेलं पेट्रोल परत जुळत नाही, काढून टाकावंच लागतं.

तर दोन-तीन महिने उभी ठेवायची असेल तर भरून ठेवा, पसरायला थोडी जागा सोडून जवळपास काठोकाठ, शक्यतो इथेनॉल नसलेलं, स्टॅबिलायझर टाकून, आणि मग दहा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलला टिकवतो, शिळं ताजं करत नाही. तुमच्यासारखी सात-आठ महिने उभी राहणार असेल आणि मिळणारं पेट्रोल इथेनॉलचंच असेल तर मी रिकामी करेन: पूर्ण निथळून, कार्बोरेटरची वाटी रिकामी करून, आत ऑइल फिरवून, जास्तीचं ओतून, नवीन रबराचं झाकण लावून. मग दर दोन महिन्यांनी झाकण उघडून ऑइलचा थर आहे ना ते बघायचं. बाहेर काढताना पहिलं थोडं पेट्रोल भरून खळखळून ओतून द्यायचं.

आणि कॉक ते कार्बोरेटर मधे पारदर्शक फिल्टर लावा, गाडी ओरिजिनल ठेवायचा हट्ट मलाही आहे पण हा तुकडा प्रदर्शनाच्या दिवशी काढता येतो. टाकीतून आपोआप खाली उतरणारं पेट्रोल असेल तर त्याच प्रकारचा घ्या, पंपाच्या गाडीचा घट्ट कागदाचा फिल्टर लावला तर पेट्रोल कमी उतरतं. फिल्टरमध्ये तांबूस दिसायला लागलं की टाकी बघायची वेळ झाली.

प्रश्न: माझी जुनी डिझेल जीप आहे. डिझेल तेलकट असतं, मग तिला गंजाची भीती नाही ना?

आहे. डिझेलमध्येही पाणी खाली बसतं, आणि वर अजून एक भानगड, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या रेषेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. फिल्टर उघडल्यावर काळपट, शेवाळासारखं बुळबुळीत काही दिसलं तर ते तेच. त्यांच्यामुळे तयार होणारं ॲसिड पत्र्याला खड्डे पाडतं. औषध टाकून ती मरतात पण मेलेली बुरशी पण फिल्टरच तुंबवते, त्यामुळे टाकी उतरवून धुणं चुकत नाही. टाकीच्या तळाला ड्रेन प्लग असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू करायच्या आधी थोडं डिझेल सोडून बघत जा, पाणी काढलं की बुरशीला राहायला जागाच नाही. डिझेल साठवायला गॅल्व्हनाइज्ड पिंप नको, जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि इंजेक्टर खराब करतं.

प्रश्न: टाकी आतून चकचकीत आहे पण बाहेरून पट्ट्यांच्या खाली गंजली. असं कसं?

पट्ट्यांखालच्या नमद्यामुळे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडामुळे. आवाज येऊ नये म्हणून दिलेला तो नमदा पाणी पितो आणि महिनोन् महिने ओला राहतो, वरून धुळीचा चिखल. कारमध्ये टाकीच्या वरच्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही तिथे, हाच चिखल साचतो. मोटरसायकलला टाकीच्या पोटातल्या बोगद्यात बघा, चेसिसवरच्या रबराशी घासून रंग गेलेला असतो.

टाकी उतरवा, गंज घासून उघडा पत्रा करा, गंजरोधक प्रायमर आणि वर रंग, पेट्रोल सांडून टिकेल असा. नमद्याऐवजी पाणी न शोषणाऱ्या रबराची पट्टी घाला, पेट्रोलने फुगणार नाही अशी. पट्ट्या आतून रंगवा, आणि त्या इतक्याच आवळा की टाकी हलणार नाही, पत्रा दबेपर्यंत नको. परत बसवताना अर्थची वायर जोडायला विसरू नका, रबर आणि नवीन रंगामुळे टाकीचा चेसिसशी संबंध तुटतो आणि पेट्रोलचा काटा खोटं दाखवायला लागतो.